मिरर तुटल्यावर कोणती प्रत ग्राह्य धरावी: क्लस्टर सांभाळणाऱ्या नवोदितांसाठी

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील मध्यम कारखाने, नाशिक शहरातील रुग्णालये आणि पतसंस्था, निफाड-दिंडोरीकडील शीतगृहे अशा अनेक ठिकाणी आता एकट्या सर्व्हरऐवजी दोन किंवा तीन सर्व्हर एकत्र जोडून केलेला क्लस्टर असणे नवलाचे राहिलेले नाही. क्लस्टर बसवून देणारा अभियंता काम संपवून निघून जातो आणि तो सांभाळण्याची जबाबदारी बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या तरुणावर किंवा तरुणीवर येते. हा लेख त्यांच्यासाठी लिहिला आहे. या कामात मी जी मोठी नुकसाने जवळून पाहिली, त्यांपैकी बहुतेक डिस्क बिघडली त्या क्षणी झालेली नव्हती. ती त्यानंतरच्या अर्ध्या तासात, कोणती प्रत खरी हे न ठरवता दिलेल्या एखाद्या आज्ञेने झालेली होती.

मिरर म्हणजे एकच माहिती दोन किंवा अधिक डिस्कवर एकाच वेळी लिहिणे. १९८८ साली बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतींच्या, पातळ्या मांडल्या, त्यांत या पद्धतीला पहिला क्रमांक मिळाला. पद्धत मात्र त्याहून जुनी आहे. क्लस्टरमध्ये हा मिरर दोन प्रकारे दिसतो. एका प्रकारात डिस्क सामायिक असतात आणि सगळे नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, त्याच डिस्कसंचावर लिहितात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नोडची स्वतःची डिस्क असते आणि एका नोडवर झालेले लेखन नेटवर्कवरून दुसऱ्या नोडच्या डिस्कवरही उतरवले जाते; लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी डीआरबीडी करते. तुमच्याकडे यांपैकी काय आहे हे पहिल्याच दिवशी विचारून, कागदावर आकृती काढून ठेवावे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर अवलंबून आहे.

बिघाड तीन प्रकारचे असतात

पहिल्या प्रकारात डिस्क गेलेली असते. उरलेली डिस्क खरी असते, नवी डिस्क कोरी असते, आणि कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला प्रत करायची याबद्दल शंका नसते. दुसऱ्या प्रकारात डिस्क दोन्ही धडधाकट असतात, पण लेखन चालू असतानाच नोड बंद पडलेला असतो. तिसऱ्या प्रकारात डिस्कही ठीक असतात आणि नोडही ठीक असतात. तुटलेली असते ती त्यांच्यामधली जोडणी. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर बाजारात आणला. त्या परंपरेतील व्हीएमएस प्रणालीत पहिल्या प्रकारच्या दुरुस्तीला ‘कॉपी’ आणि दुसऱ्या प्रकारच्या दुरुस्तीला ‘मर्ज’ अशी दोन वेगळी नावे आहेत. लिनक्सच्या पडद्यावर मात्र ‘रिकव्हरी’ (कॉपी) आणि ‘रीसिंक’ (मर्ज) हे शब्द इतके सारखे वाटतात की नवीन माणूस दोन्ही एकच समजतो. हा फरक मनात पक्का बसावा म्हणून एक उदाहरण घेतो.

लासलगावच्या कांदा लिलावाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. समजा, बोली ठरली की दोन मुनीम तीच नोंद आपापल्या वहीत करतात आणि दोन्ही वह्यांत नोंद झाल्यावरच शेतकऱ्याच्या हाती पावती दिली जाते. एक वही भिजून गेली, तर दुसरीवरून नवी वही उतरवून काढायची. ही झाली कॉपी. आता असे समजा की पहिल्या मुनिमाने भाव लिहिला, दुसऱ्याची लेखणी अजून कागदाला टेकायची होती, आणि तेवढ्यात वीज गेली. दोन्ही वह्या शाबूत आहेत, पण त्या एका ओळीवर जुळत नाहीत. पावती अजून दिलेली नाही, त्यामुळे ती नोंद ठेवली काय किंवा खोडली काय, कोणाला दिलेला शब्द मोडत नाही. शब्द मोडतो तो दोन्ही वह्या तशाच राहिल्या तर, कारण सकाळी एका वहीतून वाचले तर एक उत्तर मिळेल आणि दुपारी दुसऱ्या वहीतून वाचले तर दुसरे. म्हणून मर्जमध्ये कोणती बाजू जिंकते याला महत्त्व नसते. दोन्ही बाजू पुन्हा एक होतात की नाही याला असते. संगणकात ‘पावती’ म्हणजे लेखन पूर्ण झाल्याचा डेटाबेसला दिलेला निरोप. तो निरोप गेलेला नसेल, तर डेटाबेस आपल्या जर्नलच्या, म्हणजे बदलांच्या नोंदवहीच्या, आधारे ते काम पुन्हा करतो किंवा मागे घेतो, आणि जुनी किंवा नवी यांपैकी कोणतीही एक स्थिती त्याला चालते.

आता तिसरा प्रकार. दोन आवारांमधला संपर्क तुटला, दोन्हीकडच्या मुनिमांना वाटले की समोरचा संपला, आणि दोघांनीही आपापल्या वहीत लिहून पावत्या वाटायला सुरुवात केली. या स्थितीला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. आता कोणतीही वही फाडली तरी कोणाची तरी पावती खोटी ठरते. येथे यंत्र निर्णय घेऊ शकत नाही. तो माणसालाच, तोही हिशेबाची जबाबदारी असलेल्या माणसालाच, घ्यावा लागतो.

पायरी पहिली: पाहावे, लिहून घ्यावे, हात लावू नये

धोक्याची सूचना आली की प्रथम फक्त स्थिती वाचणाऱ्या आज्ञा चालवाव्यात. डिस्कचे संच सांभाळणाऱ्या लिनक्सच्या एमडी प्रणालीत ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘एमडीस्टॅट’ ही फाइल वाचली की दोन डिस्कच्या निरोगी मिररसाठी चौकटी कंसात दोन ‘यू’ दिसतात. एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ आली असेल, तर मिरर एकाच पायावर उभा आहे असे समजावे. ‘एमडीएडीएम’च्या तपासणी आज्ञेने प्रत्येक डिस्कवरील घटनांचा क्रमांक पाहावा. डिस्क संचातून बाहेर पडली की उरलेल्या डिस्कवर हा क्रमांक वाढत जातो आणि बाहेर पडलेल्या डिस्कवर तो जागीच थांबतो, त्यामुळे कोणती प्रत शिळी आहे याचा हा सर्वांत सरळ पुरावा असतो. डीआरबीडीमध्ये स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेत प्रत्येक बाजू ‘अपटूडेट’, ‘आउटडेटेड’ की ‘इनकन्सिस्टंट’ आहे आणि जोडणी ‘कनेक्टेड’ की ‘स्टँडअलोन’ आहे, हे दिसते. हे सारे आउटपुट आणि त्या वेळची कर्नलची नोंदवही त्याच सर्व्हरवर ठेवू नये. दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावी.

त्यानंतर बॅकअप कधीचा आहे हे पाहावे. मिरर हा बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. एकाच पायावर उभ्या असलेल्या मिररवर कोणतीही दुरुस्ती सुरू करण्याआधी ताजा बॅकअप घेता आला, तर तो आवर्जून घ्यावा.

पायरी दुसरी: डिस्क गेली असेल तर

एक वाचन चुकले म्हणून डिस्क लगेच बाद होत नाही. एमडी प्रणाली ते वाचन दुसऱ्या डिस्कवरून पूर्ण करते आणि ती माहिती चुकलेल्या जागी पुन्हा लिहून पाहते. लेखनही फसले, तर साधारणपणे डिस्क सदोष ठरवली जाते. घरगुती वापराच्या डिस्क क्लस्टरमध्ये का लावू नयेत याचे कारणही येथेच आहे. खराब जागा वाचण्यासाठी अशी डिस्क एक मिनिटाहून अधिक वेळ झगडत राहू शकते, तर लिनक्स एका आज्ञेसाठी मुळात ३० सेकंद थांबते. सर्व्हरसाठीच्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानून तसे कळवतात आणि मग मिररला आपले काम करता येते.

डिस्क बदलताना सर्वांत जास्त जपावे ते तिची ओळख पटवताना. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून नावावर कधीही विसंबू नये. डिस्कचा अनुक्रमांक काढावा, तो डिस्कच्या पट्टीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि शक्य असेल तेथे खोबणीचा दिवा लुकलुकवून खात्री करावी. द्राक्षाच्या हंगामात एका शीतगृहाच्या कार्यालयात मी पोहोचलो, तेव्हा तेथील तंत्रज्ञाने मरणासन्न डिस्क जागेवर ठेवून चांगली डिस्क बाहेर ओढलेली होती, कारण दोन्ही खोबण्यांवर क्रमांकच लिहिलेले नव्हते. त्याची चूक मी मानत नाही. संच जुळवताना अनुक्रमांकाच्या पट्ट्या चिकटवल्या असत्या तर ती चूक घडलीच नसती, आणि म्हणून हे दहा मिनिटांचे काम तुम्ही आजच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ओळख पटली की जुनी डिस्क आज्ञेने आधी सदोष ठरवावी, मग संचातून काढावी आणि त्यानंतरच खोबणीतून ओढावी. नवी डिस्क निदान तितक्याच आकाराची असली पाहिजे. वेष्टनावर दोन्हीकडे ४ टेराबाइट लिहिलेले असले तरी दोन उत्पादकांच्या डिस्कमध्ये थोड्या सेक्टरचा फरक निघतो आणि किंचित लहान डिस्क संच स्वीकारत नाही. नवी डिस्क जोडल्यावर पूर्ण प्रत सुरू होते. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइटची डिस्क भरायला साडेसात तासांच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सर्व माहिती एकाच डिस्कवर उभी असते.

पायरी तिसरी: नोड पडला असेल तर

मर्ज कसा होतो हे न समजल्यामुळे घाबरून सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबतो. नोड पडला त्या क्षणी कोणकोणती लेखने अर्धवट होती हे माहीत नसेल, तर दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत जुळवून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. हा वेळ वाचवण्यासाठी बिटमॅप असतो. मुनीम कोणत्याही पानावर लिहिण्याआधी त्या पानाचा कोपरा दुमडतो आणि दोन्ही वह्यांत नोंद झाल्यावर काही वेळाने तो सरळ करतो, असे समजावे. वीज गेली तर फक्त दुमडलेली पाने तपासली की काम भागते. कोपरा आधी दुमडायचा आणि लेखन नंतर करायचे, हा क्रम कधीही उलटत नाही, आणि बिटमॅपवर विश्वास ठेवता येतो तो त्यामुळेच.

एमडी प्रणालीच्या अंतर्गत बिटमॅपमध्ये एक ‘पान’ सहसा ६४ मेगाबाइटचे असते. डीआरबीडीमध्ये दर ४ किलोबाइटला एक बिट असतो, म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कला ३२ मेगाबाइटचा बिटमॅप लागतो. शिवाय सध्या लेखन चालू असलेल्या ४ मेगाबाइटच्या पट्ट्यांची वेगळी यादी ठेवली जाते आणि मूळ मांडणीत अशा १२३७ पट्ट्या असतात. मुख्य नोड अचानक पडला, तर फार तर सुमारे ५ गिगाबाइट माहिती पुन्हा जुळवावी लागते, आणि एक गिगाबिटच्या जोडणीवरही ते काम एका मिनिटाच्या आत होऊ शकते. बिटमॅप नसलेला संच तुमच्या ताब्यात आला असेल, तर तो सुरू असतानाही बिटमॅप जोडता येतो आणि तो जोडावाच.

सामायिक डिस्कच्या क्लस्टरमध्ये एक गुंता वाढतो, कारण अनेक नोड एकाच वेळी लिहीत असतात. लिनक्सच्या एमडी-क्लस्टरमध्ये म्हणून प्रत्येक नोडचा स्वतंत्र बिटमॅप डिस्कवर ठेवलेला असतो. एखादा नोड पडला की उरलेल्यांपैकी एक नोड त्याच्या बिटमॅपचे कुलूप (तो एकट्याने वापरण्याचा हक्क) आपल्याकडे घेतो, त्यातील दुमडलेली पाने स्वतः जुळवतो आणि कोणता भाग सध्या जुळवला जात आहे हे इतरांना कळवतो, म्हणजे त्या भागातील लेखन तेवढ्यापुरते थांबते आणि वाचन एकाच ठरावीक डिस्कवरून होते. क्लस्टरवरचे प्रोग्राम चालू राहतात. वापरणाऱ्यांना फार तर किंचित मंदपणा जाणवतो. अशा वेळी ‘काहीतरी अडकले आहे’ असे समजून दुसरा नोडही पुन्हा सुरू करणे ही घोडचूक आहे.

पण या साऱ्याआधी एक गोष्ट घडावी लागते. पडलेला नोड खरोखरच बंद झाला आहे याची खात्री क्लस्टरला हवी असते, कारण केवळ गप्प झालेला नोड जागा होऊन मध्येच लिहू लागला तर जुळवलेली पाने पुन्हा बिघडतात. त्या नोडची वीज तोडून ही खात्री करण्याला फेन्सिंग म्हणतात. ते पूर्ण होईपर्यंत कुलपांची यंत्रणा मुद्दाम थांबून राहते. नवखा माणूस हे थांबणे पाहतो, त्याला तो दोष वाटतो आणि तो फेन्सिंगच बंद करून टाकतो. चाचणीच्या दिवशी सगळे सुरळीत चालते आणि खऱ्या बिघाडाच्या दिवशी माहिती जाते. फेन्सिंग बंद असलेला क्लस्टर माझ्या मते प्रत्यक्ष कामकाजासाठी वापरूच नये.

पायरी चौथी: जोडणी तुटली असेल तर

जोडणी तुटल्यावर केवळ एकाच बाजूने लेखन चालू ठेवले असेल, तर काम सोपे आहे. जोडणी परत येताच मागे राहिलेली बाजू बिटमॅपनुसार फक्त बदललेले भाग घेते आणि पुढे चालू लागते. ही प्रत उतरत असताना मागची बाजू ‘इनकन्सिस्टंट’ असते, म्हणजे तिच्यावर जुने आणि नवे भाग मिसळलेले असतात. जुळवणी पूर्ण होईपर्यंत तिला मुख्य करण्याचा प्रयत्न करू नये.

दोन्ही बाजूंनी लेखन झाले असेल, तर डीआरबीडी जोडणी नाकारते, सहसा निदान एक बाजू ‘स्टँडअलोन’ होते आणि नोंदवहीत स्प्लिट-ब्रेन असे स्पष्ट लिहिलेले असते. येथे सर्वप्रथम दोन्ही बाजूंच्या माहितीची स्वतंत्र प्रत काढून ठेवावी. मग लेखा विभाग, दवाखान्याची नोंदणी खिडकी किंवा ज्यांचे काम त्या डेटाबेसवर चालते त्यांच्यासोबत बसून, कोणत्या बाजूवर कोणत्या वेळेत काय नोंदले गेले हे पाहावे आणि कोणती बाजू सोडायची ते त्यांच्या लेखी संमतीने ठरवावे. सोडायच्या बाजूची जोडणी आधी तोडावी, तिला दुय्यम करावे आणि ‘माझी माहिती टाकून द्या’ या अर्थाच्या पर्यायासह पुन्हा जोडावे. दुसरी बाजूही स्टँडअलोन झाली असेल, तर तेथे साधी जोडणीची आज्ञा द्यावी. हा पर्याय चुकीच्या नोडवर टंकला तर परतीचा मार्ग नसतो, म्हणून त्या क्षणी दोन्ही खिडक्यांवरील नोडचे नाव मोठ्याने वाचावे आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडून ते तपासून घ्यावे. सोडलेल्या बाजूच्या नोंदी आधी काढलेल्या प्रतीतून हाताने पुन्हा भराव्या लागतात.

हा प्रसंगच येऊ नये म्हणून तिसरे मत हवे. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये एकमेकांशिवाय बहुमत होत नाही, त्यामुळे एक नोड अंबडला आणि दुसरा सातपूरला असेल, तर कोरमसाठीचे, म्हणजे बहुमत ठरवणारे, साक्षीदार यंत्र नाशिकरोडसारख्या तिसऱ्या ठिकाणी, वेगळ्या इंटरनेट जोडणीवर ठेवावे. ते अगदी लहान संगणकावरही चालते. अंतर वाढवताना मात्र हिशेब करावा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. नाशिक-मुंबई अंतर सुमारे १७० किलोमीटर धरले, तर केवळ जाण्या-येण्यात पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि डीआरबीडीच्या ‘सी’ पद्धतीत दोन्ही डिस्कवर लेखन झाल्याशिवाय पावती मिळत नसल्याने प्रत्येक लेखनाला तेवढी वाट पाहावी लागते. ‘ए’ पद्धतीत ही वाट पाहावी लागत नाही, पण मुख्य ठिकाण अचानक गेले तर वाटेत असलेली शेवटची लेखने हरवतात. हिशेबाच्या डेटाबेससाठी मी शहरातल्या शहरात ‘सी’ पद्धतच निवडतो.

वेग, आणि नंतरची पडताळणी

एमडी प्रणालीत जुळवणीच्या वेगाची खालची मर्यादा मुळात सेकंदाला १००० किलोबाइट आणि वरची २ लाख किलोबाइट असते. सर्व्हरवर इतर काम चालू असले की जुळवणी मागे सरते, आणि ती खालच्या मर्यादेवरच अडकली तर ४ टेराबाइटला ४६ दिवस लागतील. म्हणून दिवसा खालची मर्यादा थोडी वाढवावी आणि रात्री भरपूर वाढवावी. एकच पाय शिल्लक असताना अहवाल थोडे मंद निघाले तरी चालतील, असे मी कार्यालयाला स्पष्ट सांगतो.

जुळवणी शंभर टक्के झाल्यावर तपासणीची फेरी चालवावी. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ती मुळातच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलेली असते आणि ती बंद करू नये, कारण उरलेल्या डिस्कवरील वर्षभर कोणी न वाचलेली खराब जागा नेमकी पुनर्बांधणीच्या वेळीच समोर येते. अनेक साध्या डिस्कसाठी उत्पादक दर १०० लाख कोटी बिट वाचनामागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरतात. म्हणजे साधारण १२.५ टेराबाइट वाचनामागे एक. तपासणीत विसंगतींचा आकडा शून्याहून अधिक आला, तर त्या संचावर स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) आहे का ते पाहावे, कारण स्वॅपमुळे निरुपद्रवी विसंगती येऊ शकते. इतर वेळी ‘दुरुस्त करा’ ही आज्ञा डोळे मिटून देऊ नये. दोन प्रतींच्या मिररला त्या वेगळ्या आहेत एवढेच कळते. खरी कोणती हे कळत नाही. झेडएफएस ही फाइल प्रणाली प्रत्येक भागाची चेकसम, म्हणजे त्या भागावरून काढलेली पडताळणीची संख्या, ठेवते, त्यामुळे तिला ते कळते, आणि नवीन यंत्रणा उभारताना याचा विचार अवश्य करावा.

पावसाळ्याआधीची तालीम

नाशिकमध्ये वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की वीज दिवसातून अनेकदा जाते, म्हणून मेमध्येच यूपीएसच्या बॅटऱ्या भाराखाली तपासाव्यात आणि दोन नोड दोन वेगळ्या यूपीएसवर आहेत याची खात्री करावी. गोदाकाठच्या पेठांत तळघरात सर्व्हर असेल, तर तो वर हलवावा. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की सराफ बाजाराला धडकी भरते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि दोन्ही प्रती एकाच तळघरात असतील तर वरच्या कोणत्याही पायरीचा उपयोग नाही.

मग एका रविवारी, बॅकअप घेऊन आणि सर्वांना कळवून, प्रत्यक्ष तालीम करावी. एक डिस्क आज्ञेने सदोष ठरवून पुन्हा जोडावी, एका नोडची वीज तोडावी, दोन नोडमधली तार काढावी. तिन्ही वेळा पडद्यावर काय दिसले, फेन्सिंगला किती सेकंद लागले आणि जुळवणी किती वेळात पूर्ण झाली हे हाताने लिहावे. तो कागद तारीख टाकून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवावा, आणि त्याखाली प्रत्येक खोबणीतील डिस्कचा अनुक्रमांक लिहावा.